गेरूच्या रेघेवर सिमेंट

खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास दिगंबर मिस्त्री यांनी गेरूकपारी नावाच्या दरीतल्या दगडी भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा सात ठिकाणी छन्नीने फोडला. हा गिलावा गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनीच केला होता. दरी संरक्षित आहे. आत छन्नी, कुऱ्हाड, विळा नेण्यास मनाई आहे, असा फलक फाटकावर लावलेला आहे. गिलावा करण्यास मनाई आहे, असे त्या फलकावर कुठेही लिहिलेले नाही.

मानोऱ्याहून निघालेली जीप तांडे ओलांडत माळावर येते तेव्हा पुढे दरी आहे याचा पत्ताही लागत नाही. कुसळीचे गवत, मधूनमधून सालईची झाडे, एखादे पांढऱ्या सालीचे कांडोळ, आणि मग पायाखालची जमीन एकदम संपते. खाली नदी असते. ती मोठी नाही. गावात तिला कोणी नावाने बोलावत नाही, नुसती नदी म्हणतात. पुढे ती अडाण नदीला मिळते. पण इथे तिने काळा पत्थर उभा चिरत नेला आहे, पाच-सहा पुरुष खोल. उन्हाळ्यात आत उतरले की गार वाटते. श्रावणात उतरले की ओल्या दगडाचा, वाळ्याच्या मुळांचा आणि कुजत्या उंबरांचा वास एकदम अंगावर येतो. आता, हे लिहिताना, तो वास आठवावा लागतो.

दरीच्या भिंतीत तीन थर दिसतात, आणि ते दिसायला कोणी शिकलेले असावे लागत नाही. खालचा दगड काळा, घट्ट, हातोडी मारली तर खणखणणारा. वरचा दगड चिरा पडलेला, ठिसूळ, भोकाभोकांचा. त्या भोकांत पांढऱ्या गारा भरलेल्या, उन्हात चमकणाऱ्या. या दोहोंच्या मध्ये हातभर जाडीची लाल पट्टी, दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना, एकाच उंचीवर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला आणि निवला. पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, इतका की त्या दगडाची वर माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि कुंभाराच्या भट्टीत भाजावी तशी ती माती भाजून, दाबून गेला. ही भाजलेली माती म्हणजे गावाचा गेरू.

माळावर पडलेला पाऊस वरच्या दगडाच्या चिरांतून खाली मुरतो. लाल पट्टीपाशी येऊन थांबतो, कारण ती माती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग तो आडवा सरकतो आणि भिंतीतून बाहेर झिरपतो. धार म्हणावी एवढे पाणी नसते. थेंब असतात, पण दरीच्या लांबीभर, आणि होळीपर्यंत न थांबणारे. गावात हे एका वाक्यात सांगतात: पट्टीवर पाणी, पट्टीखाली पत्थर.

झाडांना हे माणसांच्या आधी कळलेले होते. लाल पट्टीच्या वरच्या काठावर हंसराज उगवायचा, काळ्या नाजूक देठांचा, बारीक पानांचा नेचा. त्याच्या खाली शेवाळ, शेवाळात तेरडा, आणि भादव्यात तेरड्याची गुलाबी फुले. वर माळाच्या कडेला उभ्या असलेल्या, वडाच्या कुळातल्या पायरीच्या झाडांनी आपली मुळे दगडावरून दोरासारखी खाली सोडलेली. ती सगळी पट्टीपर्यंत येऊन थांबत, तिथे जाळे करत. समोरच्या काठावरून पाहिले की काळ्या भिंतीवर एक लाल रेघ आणि तिला चिकटून एक हिरवी रेघ दिसे. शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींनी एकदा वर्ग तिथे नेला होता. त्यांनी काहीही समजावून सांगितले नाही. म्हणाले, "पाहून घ्या. पुस्तकात हे चित्र काळंपांढरं आहे."

श्रावण संपत आला की त्या रेघेशी गावाचे काम असे. खांदशेकणीला सकाळी बैल नदीवर धुवायचे. संध्याकाळी त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून गरम पाण्याने शेकायचे आणि कानात सांगायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. मधल्या वेळात गेरू आणायचा. शिंगांना आणि पाठीवरच्या ठप्प्यांना लागणारा गेरू बाजारातही मिळे, पण तो कोणी आणत नसे. दरीत जाऊन, पट्टीखाली पावसाने आपोआप पडलेला गेरू ओंजळीने उचलायचा आणि लोट्यात भरायचा. पडलेला घ्यायचा, खोदायचा नाही. खोदलेल्या गेरूने शिंग रंगवले तर बैल लंगडतो, अशी समजूत होती. समजूत खरी होती की नव्हती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. त्या समजुतीमुळे पट्टीला पिढ्यान्‌पिढ्या कोणी टोकदार वस्तू लावली नाही, एवढे मात्र दिसत होते.

सुभद्राबाई नव्या सून म्हणून आल्या, त्या वर्षीची गोष्ट. दरीच्या खालच्या तोंडाशी त्यांच्या सासरची भाजीची वाडी आहे. लोटा लवकर भरावा म्हणून त्यांनी हातातल्या बांगडीने पट्टी जराशी खरवडली. सासूने पाहिले आणि दहा बायांसमोर विचारले, "काहून वं, तुह्या माहेरी बैल लंगडेच असतात का?" सगळी दरी हसली. सुभद्राबाईंनी लोटा उपडा केला आणि पुन्हा पहिल्यापासून वेचायला बसल्या. ही गोष्ट त्या अजून स्वतः सांगतात. गेरूचे बोट तुळईला पुसायची सवय होती. घरोघरी तुळईवर दरवर्षीचा एकेक लाल ठिपका असे. आमच्या घरच्या तुळईवर ते ठिपके मोजता येत. तुळई बदलली तेव्हा ते गेले.

दरी संरक्षित व्हावी, ही मागणी गावानेच केली. हे नोंदवणे भाग आहे. माळावर मुरमासाठी मशीन आले होते आणि ते दरीच्या काठाकडे सरकत होते. ग्रामसभा झाली, ठराव झाला, निवेदन गेले. दरीवर एक लेख छापून आला, चार रकानी, फोटोसह. तो लेख माझा होता. त्यात हंसराजाचा उल्लेख होता, लाल पट्टीचा होता, पाणी कसे झिरपते हेही होते. पुढे दरीला संरक्षण मिळाले आणि मशीन गेले. गावात पेढे वाटले. सुभद्राबाईंनी वाडीतली भेदरं, म्हणजे टोमॅटो, टोपलीभर शाळेत पाठवली. इथपर्यंत कोणाची चूक झाली असे म्हणता येत नाही.

त्यानंतर दरीचा विकास सुरू झाला.

आधी विळा आणि गवत कापायचे यंत्र आले, कारण झुडपांत साप असतात. नदीकाठचा वाळा गेला, निरगुडी गेली, शतावरीचे वेल गेले. मग पायऱ्या आल्या. मग लोखंडी कठडा, आणि त्याला हिरवा तैलरंग. मग कुंड्या, आणि कुंड्यांत रोपवाटिकेतून आणलेली शोभेची ताडाची रोपे. त्यांना पाणी घालायला टँकर येऊ लागला. नदीच्या दरीत, झिऱ्याच्या भिंतीसमोर, कुंडीतल्या झाडाला टँकरने पाणी घातले जात होते. हे मी तीन वेळा प्रत्यक्ष पाहिले आहे. शेवटी नावाच्या पाट्या आल्या. एका पाटीवर लिहिले आहे, "हंसराज: औषधी नेचा. कृपया तोडू नये." ती भिंतीला बोल्टने बसवली आहे. बोल्टसाठी चार भोके पाडावी लागली. जिथे पाडली, तिथे हंसराज होता. पाटी आजही जागेवर आहे. हंसराज नाही.

पायवाट भिंतीला लागून नेल्यामुळे झिरपणारे पाणी फरशीवर पडू लागले आणि फरशीला शेवाळ धरले. एक पाहुणे घसरले. इजा झाली नाही, कपडे खराब झाले. तक्रार झाली. देखरेखीसाठी येणाऱ्या साहेबांनी भिंत पाहिली आणि कामाच्या यादीत एक ओळ वाढली: "भिंतीतील गळती रोखणे." ही ओळ मी वाचली आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाला कोणीतरी गळके छत समजले, त्यावर सही केली, आणि वरच्या कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. त्या कागदावर किती सह्या होत्या हे लिहिण्याची इच्छा आहे, पण मूळ प्रत परत घेतली गेली आणि आठवणीवरून आकडा देणे बरोबर नाही.

गळती रोखणारा माणूस म्हटल्यावर मानोऱ्यापासून कामरगावपर्यंत एकच नाव पुढे येते, दिगंबर मिस्त्री. सुभद्राबाईंचे सख्खे दीर. त्यांची पद्धत ठरलेली आहे. फट रुंद करायची, धूळ फुंकायची, सिमेंटात औषध मिसळून दाबून भरायचे, वर गिलावा. गिलावा वाळला की त्यावर वर्तमानपत्राचा कोरडा कडक कागद पाण्याचा हात न लावता दाबून बसवायचा आणि वर एक फळी टेकवायची. दुसऱ्या दिवशी कागद ओला निघाला तर काम फुकट करून देतात. आजवर तशी वेळ आली नाही, असे ते सांगतात आणि गावही सांगते.

त्यांनी साहेबांना एक प्रश्न विचारला होता. "साहेब, हे पाणी मंग जाईन कुठी?" साहेब म्हणाले, तो तुमचा विषय नाही. मिस्त्रींनी भिंतीत मध्येमध्ये पाइपचे तुकडे सोडले होते, पाझर निघायला. फोटोत ते वाईट दिसतात म्हणून बंद करायला लावले. त्यांनी बंद केले. दरीची एक पूर्ण बाजू, जिथवर पायवाट जाते तिथवर, लाल पट्टी करड्या गिलाव्याखाली गेली. चुन्याची दोरी मारून कड सरळ काढली. मग कागद लावले. सकाळी सगळे कागद कोरडे निघाले.

"मले लय अभिमान वाटला तवा," मिस्त्री परवा म्हणाले. "खरं सांगतो, दडवून काय करू? भिंत दिसली का माहा हात सिमेंटले जाते. लहानपणापासून जिथून गेरू वेचला, तेच ठिकाण हाय, हे ध्यानातच नाही आलं. कागद कोरडा निघाला, अन् मी घरी जाऊन पोटभर जेवलो."

गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला. भिंत कोरडी राहिली. श्रावणात हिरवी रेघ उमटली नाही. पायरीच्या झाडांची मुळे गिलाव्याच्या वरच तुटून लोंबत होती. काम करताना ती अडचणीची होती म्हणून कापली होती. भादव्यात तेरडा फुलला नाही. दिवाळीच्या आधी भिंतीखालचा डोह आटला. कोणत्याही वर्षी होळीच्या आत तो आटलेला मी पाहिला नव्हता. डोहातून वाडीकडे जाणारा पाट त्याच आठवड्यात बंद पडला. सुभद्राबाईंची वांगी फुलावर असताना वाळली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवलाच नाही.

पाणी कुठे गेले, याचे उत्तर या आषाढात मिळाले. पट्टीवरून सरकत ते गिलावा संपतो तिथे, फाटकाजवळच्या नव्या पायऱ्यांखाली गेले. पायऱ्यांची एक रांग उचलली गेली आणि गाड्या लावायच्या जागेत चिखल झाला. तिथे गळती रोखण्यासाठी आता नवीन काम प्रस्तावित आहे.

या मोसमाचा राग येतो, पण त्यासाठी पाऊस जबाबदार नाही. पाऊस वेळेवर आला. माळावर कळलावीची लाल-पिवळी फुले वेळेवर आली, रानहळद वर आली, काटवलं, म्हणजे रानातली कर्टोली, बाजारात आली. मुरायचे तेवढे पाणी मुरले. दगडाने त्याचे काम केले, लाल मातीने तिचे केले. नेमून दिलेले काम सोडून काही केले असेल तर ते आम्ही माणसांनी. निवेदन देणारे, लेख लिहिणारे, सह्या करणारे, गिलावा मारणारे. त्यांतल्या एकाने तरी उठून ते निस्तरले. बाकीचे अजून कागदावर आहेत. मीही त्यांत आहे: वाडी वाळल्यावर मी तीन पत्रे लिहिली, तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही आले नाही.

खांदशेकणीच्या आदल्या दुपारी सुभद्राबाईंच्या ओसरीवर चहा झाला तेव्हा मी होतो. मिस्त्री खाली मान घालून बशीतला चहा पीत होते.

"भाऊजी, तुमचा हात लय पक्का," सुभद्राबाई म्हणाल्या. "तालुक्यात सरकारी काम दोन वर्सं टिकत नाही. पूल खचते, रस्ता उखडते. एक तुमचाच गिलावा टिकला पा. माही अख्खी वाडी वायली, त्याले साधा तडा नाही."

"वहिनी, आता किती दिवस बोलसान?"

"पाणी येईलोक बोलीन." त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तुमी, ओ पेपरवाले! तुमी तर दरीचा फोटो छापला होता. आता वाडीचा छापा. खाली लिवा, वांग्याचं सरण."

"लिहितो आहे," मी म्हणालो.

"लिहूनच राह्यले तुमी. ह्यायनं लिंपलं, तुमी लिहिलं. वांगं कोणीच नाही पिकवलं."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "उद्या गेरू आनाचा हाय ना?"

"कुठून आनता? सिमेंट लावा बैलाच्या शिंगाले. पक्कं बसते."

त्यावर मिस्त्री हसले नाहीत. "यंदा वांग्याची रोपं टाकली का?" त्यांनी विचारले.

"टाकली. ह्या वर्सी पाणी नाही आलं तर वाडी मोडतो अन् पोरीकडे जाऊन राहतो. कोणाच्या आसऱ्यानं बसू इथी?" हे त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दरीत गेले तेव्हा लपूनछपून गेले नाहीत. फाटकावर रोजंदारीने बसणारे रखवालदार त्यांच्याच आळीतले आहेत. मिस्त्रींनी त्यांना पिशवी उघडून दाखवली: छन्नी, हातोडी, जुनी वर्तमानपत्रे.

"हे आत नेता येत नाही, दिगंबरभाऊ," रखवालदार म्हणाले. "पाटी वाचली ना?"

"वाचली. कचरा, प्लास्टिक, सिमेंट काढाले मनाई हाय का?"

"तसं नाही लिवलं."

"मंग बस."

रखवालदारांनी फोन लावला. साहेब येईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्या वेळात सात भोके झाली, प्रत्येक भोक पट्टीच्या वरच्या काठावर, वीतभर रुंद. गेरूला छन्नी लागू नये म्हणून शेवटचा पापुद्रा मिस्त्रींनी हाताने सोलला. त्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन नखे फाटली. मी समोरच्या दगडावर बसलो होतो. पहिल्या भोकातून लाल माती दिसली. तिच्यावर ओल नव्हती. मिस्त्रींनी तिथे वर्तमानपत्राचा कागद दाबून बसवला, दगड टेकवला आणि दुसऱ्या भोकाकडे गेले. सातही ठिकाणी कागद लावले.

साहेब आले. पंचनामा सुरू झाला. संरक्षित क्षेत्रात हत्यार नेणे आणि बांधकामाचे नुकसान करणे, असे शब्द त्यात आहेत. मिस्त्री म्हणाले, गिलावा मीच मारला, मीच काढला, नुकसान कोणाचं? साहेब म्हणाले, काम एकदा हस्तांतरित झाले की ते तुमचे राहत नाही.

"मंग त्यात हेबी लिवा, का उद्या हे कागद काढून पाहाचे. ओले का कोरडे."

"पंचनाम्यात उद्याचं लिहीत नाहीत."

"पाण्याचं कुठी लिवता मंग तुमी?"

साहेबांनी पुढची ओळ लिहायला घेतली. सुभद्राबाई तोवर वर आल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात रिकामा लोटा. त्यांनी भिंत पाहिली, दिराचा हात पाहिला. "अरे बाप्पा," एवढेच म्हणाल्या. मग खाली वाकल्या आणि भोकांतून पडलेल्या चुऱ्यातून करडे तुकडे बाजूला करत लाल माती वेचू लागल्या. पडलेली होती, खोदलेली नव्हती. साहेब म्हणाले, बाई, इथून काही नेता येत नाही. सुभद्राबाई वेचतच राहिल्या. लोटा पाऊण भरला. तो कोणी काढून घेतला नाही.

पंचनाम्यावर मिस्त्रींची आणि दोन पंचांची सही आहे. छन्नी आणि हातोडी जप्त झाली. त्याची पावती त्यांना मिळाली. पुढच्या आठवड्यात हजर राहण्याची नोटीस आहे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गावात तोरणाखाली बैल उभे राहिले. सुभद्राबाईंच्या जोडीची शिंगे गेरूची होती. त्याच वेळी मी आणि रखवालदार दरीत गेलो आणि सातही ठिकाणचे दगड बाजूला करून कागद काढले. तीन कोरडे होते. चार ओले होते.